ऑथेंटिक गंगावन

माझ्या नवऱ्याला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी घोडदळात भरती व्हायची अवदसा आठवली. साल एकोणीसशे पंच्याऐंशी, मुक्काम सनीव्हेल, कॅलिफोर्निया. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, एक जुनी टोयोटा आणि सांता क्लाराच्या एका चिप कंपनीत सोमवार ते शुक्रवार मान मोडून काम. घोडा म्हणून चंद्रशेखरने जवळून पाहिला तो महाबळेश्वरला, तोही भाड्याचा, आणि त्यावरूनही पडला होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय म्हणणार?

व्याही म्हणजे त्याचा बॉस, हॅरल्ड. आठवडाभर मॅनेजर आणि शनिवार-रविवार कॅप्टन. अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण आपापसात लढले, त्या सिव्हिल वॉरची नाटकं करणारी हौशी मंडळं इथे असतात. जुने कपडे घालतात, तंबू ठोकतात, खोट्या गोळ्या झाडतात आणि खोटं मरतात. हॅरल्डचं मंडळ घोडदळाचं. आता खरं युद्ध चाललं होतं इथून तीन हजार मैलांवर. इकडच्या घोडदळाला कुणी तिकडे नेलंच नाही. त्यांना धाडलं डोंगरात आणि वाळवंटात, टपालाच्या वाटा राखायला. शेखरचे आजोबा साताऱ्याजवळ पोस्टमास्तर होते, तेव्हा मी म्हटलं, जा बाबा, घराण्याला शोभेल असंच काम आहे. हा मात्र ऑफिसात सांगून मोकळा झाला होता की आमचं रक्तच घोडदळाचं.

मी हसले असते आणि सोडून दिलं असतं. पण आमच्या ग्रीन कार्डाचे कागद कंपनीतर्फे जायचे होते आणि त्यांवर सही हॅरल्डची लागत होती. एक झाली होती, दोन बाकी होत्या. व्हिसा पुढच्या वर्षी संपत होता. त्यामुळे हॅरल्डने 'बायकोलाही आण' म्हटल्यावर नाही म्हणायची सोयच उरली नाही.

जळ्ळं मेलं ते शिबिर. सप्टेंबरचं ऊन, आणि ही चाळीस माणसं जाड लोकरीचे निळे कोट घालून घामाने निथळत होती. कोट धुवायचे नाहीत, कारण सैनिक धूत नव्हते. सगळीकडे लीद, लिदीवर माशा, आणि त्याच माशा तव्यातल्या खारवलेल्या डुकराच्या चरबीवर. मी शाकाहारी म्हणून मला दगडासारखी बिस्किटं दिली. ती चरबीत बुडवून खायची असतात, असं एकाने प्रेमाने समजावलं. माझा नवरा कंबरेला तलवार लावून तिथे पोट आत घेऊन उभा, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'येस, कॅप्टन' म्हणत होता. मला इतकी शिसारी आली की मी त्याच्याकडे बघायचंच बंद केलं.

बायकांच्या खात्याचं नाव 'होम फ्रंट'. पुरुष सरहद्दीवर गेलेत, आपण घरी त्यांची वाट बघतोय असं समजून तंबूत बसायचं, चादरी फाडून जखमांच्या पट्ट्या गुंडाळायच्या, मोजे विणायचे. तारेच्या सांगाड्यावर चढवलेला घेरदार झगा घालून बसायचं कसं हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. या खात्याची प्रमुख हॅरल्डची बायको, लॉरेन. गोड बाई. सारखी 'हनी, हनी' करायची, पण त्या गोड आवाजात दर पाच मिनिटांनी एकच शब्द, ऑथेंटिक. माझा चिवड्याचा डबा स्टीलचा, म्हणून ऑथेंटिक नाही. बांगड्या प्लास्टिकच्या, काढ. मंगळसूत्र गळपट्टीच्या आत घाल. टिकली तर नकोच. मी सगळं केलं. दोन सह्या बाकी होत्या ना.

शेवटी राहिले केस. त्या काळच्या बायकांचा मानेवर हा एवढा अंबाडा असायचा, जाळीत बांधलेला. मला विषमज्वर झाला तेव्हापासून माझे केस म्हणजे उंदराची शेपटी. लॉरेनने विचारलं, तुझ्याकडे जोडायला काही आहे का? मी नाही म्हणाले.

खोटं बोलले. होतं माझ्याकडे. देव्हाऱ्याखालच्या खणात आईचं गंगावन होतं. आई ऐन तिशीत होती तेव्हा तिचे विंचरताना गळलेले केस ती एका पिशवीत साठवायची, आणि मिरजेला आमच्या दारावर गंगावनं करणारी बाई यायची तिच्याकडून तिने ते करून घेतलं होतं. काळंभोर, हातभर लांब. एक्याऐंशीत आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. बाबांनी नंतर पार्सलने तेवढंच पाठवलं. तुझ्या आईचं, सरलाचं म्हणून एवढंच आहे, असं लिहून. ते मी एकदाही माळलं नव्हतं. या लिदीत आणि चरबीच्या धुरात तर मुळीच माळणार नव्हते.

तर लॉरेनने एक लाकडी पेटी उघडली. हॅरल्डच्या पणजोबांच्या घरातली. पणजोबा स्वतः त्या घोडदळात होते, त्यांची पत्रं, पणजीचे कपडे, एक फोटो. आणि तळाशी मऊ कापडात गुंडाळलेली एक वेणी. काळी, जाड, माझ्या आईच्या गंगावनापेक्षाही लांब. वरच्या टोकाला रुपयाएवढी चामड्याची चकती.

"रिअल इंडियन हेअर आहे, हनी," लॉरेन म्हणाली. "युद्धापासून हॅरल्डच्या घरात आहे. तुला किती छान मॅच होतंय बघ."

इंडियन म्हटल्यावर मला काय वाटणार? मला वाटलं तिरुपती. देवाला वाहिलेले केस परदेशी जातात हे आपल्याला ठाऊक असतं. म्हटलं, तेव्हाही साहेबाच्या बोटीतून येत असतील. आमच्या गंगावनाला वर दोऱ्याचा फास असतो, यांच्यात चामडं लावत असतील. मला उलट बरं वाटलं. त्या सगळ्या परक्या पसाऱ्यात आपल्या मुलखातलं काहीतरी सापडलं म्हणून मी ते हातात घेऊन कौतुक केलं. लॉरेनला गंगावन हा शब्दसुद्धा शिकवला. मग त्या चामड्याच्या चकतीतून चार आकडे खोचून ते डोक्यावर घट्ट बसवलं आणि दीड दिवस मिरवलं. रात्री तंबूत उशाशी घेऊन झोपले.

रविवारी दुपारी शिबिराचा शेवटचा कार्यक्रम होता. गावातले शे-दीडशे लोक बघायला आले होते. होम फ्रंटच्या बायकांनी सरहद्दीवरून आलेली पत्रं वाचून दाखवायची. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी स्वच्छ, म्हणून लॉरेनने मला पेटीतलं एक पत्र दिलं. आधी वाचून बघायला वेळ नव्हता. माझ्या मागे हॅरल्ड, त्याच्या शेजारी शेखर, दोघंही तलवारी लावून.

मी खणखणीत सुरुवात केली. प्रिय हॅना. इथे थंडी फार आहे, माझे मोजे फाटले, तू पाठवलेले अजून पोचले नाहीत. पुढे मी वाचत गेले आणि अर्थ मागून येत राहिला.

"कॉर्पोरलबरोबर तुला एका इंडियन बाईची वेणी पाठवतो आहे. नदीकाठी त्यांचं गाव होतं, तिथली. याला लढाई म्हणतात, पण अर्ध्या तासात त्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. मी ती कातडीसकट काढली आहे म्हणजे सुटायची नाही. तुझ्या केसांहून लांब आहे. ओसरीत टांग, शेजारी बघायला येतील. गाय व्याली का ते कळव."

गाय व्याली का हेसुद्धा मी वाचलं. सगळं वाचलं. तोवर हे इंडियन आपले नव्हेत, इथल्याच मातीतले, रेड इंडियन म्हणतात ते, आणि ती चकती म्हणजे काय, हे मला कळलं होतं. आणि तेवढ्यात हॅरल्ड पुढे आला, माझ्या खांद्याला धरून त्याने मला लोकांकडे पाठ करून वळवलं, आणि अभिमानाने म्हणाला, हीच ती, या बाईंच्या डोक्यावर आहे, एकशे बावीस वर्षांची, शंभर टक्के ऑथेंटिक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात.

तंबूमागे जाऊन मी ओकले. आकडे निघेनात, तेव्हा ओढून काढले, माझेही केस त्याबरोबर उपटून आले. लॉरेन धावत आली. तिला खरंच कळत नव्हतं काय झालं. म्हणाली, मी तर तुला सांगितलं होतं ना, इंडियन आहे म्हणून? खरं होतं. कुणीही माझ्याशी खोटं बोललं नव्हतं. ती पेटीत ठेवायला वेणी मागू लागली. मी म्हटलं, आकडे अडकलेत, घरी नेऊन सोडवते, धुऊन देते. तर म्हणाली, आणायचं पुढच्या शनिवारी, पण धुऊ नको हं हनी, ऑथेंटिक आहे.

घरी आल्यावर मी शिकेकाईने तीनदा डोकं धुतलं. चौथ्यांदा पाणी घेतलं तेव्हा शेखर दाराशी येऊन म्हणाला की टाळू सोलून निघेल. टाळू हा शब्द ऐकून मी हातातला तांब्या टाकला. मग मी बाहेर येऊन त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घोडदळाचं रक्त काढलं, पोस्टमास्तर आजोबा काढले, 'येस, कॅप्टन' काढलं. तो कोट काढून नुसता बसून राहिला. त्यालाही काही ठाऊक नव्हतं, हे मला कळत होतं, तरी मी थांबले नाही. खरी किळस मला माझीच आली होती. चिवड्याचा डबा बाजूला ठेव म्हटलं, ठेवला. मंगळसूत्र आत घाल म्हटलं, घातलं. हे डोक्यावर ठेव म्हटलं, तेही ठेवलं. आईचं जपायला गेले आणि दुसऱ्याच कुणाच्या आईचं डोक्यावर घेऊन नाचले.

रात्र गेली. सकाळी मी टेबलावर माझ्या जुन्या सुती साडीचा धुतलेला तुकडा अंथरला आणि वेणी त्यावर ठेवली. उजेडात पहिल्यांदा नीट पाहिली. तीन पेड, अगदी आपल्यासारखे. खाली टोकाला लाल लोकरीचा दोरा, दोन गाठी मारलेला. वेणी कुणी कधी सोडलीच नव्हती. म्हणजे त्या दिवशी सकाळी त्या बाईने बसून ती घातली होती, दोरा बांधला होता, तशीच ती होती. मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. मग शेखरला हाक मारली आणि दाखवलं. त्याने बघितलं आणि तो रडायला लागला.

मी सांगितलं, ही मी त्या पेटीत परत टाकणार नाही. शेखर म्हणाला, बरोबर आहे. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाला, पण हॅरल्ड सोडायचा नाही, त्याच्या घरातली वस्तू आहे, पोलिसांत जाईल, आणि सह्यांचं तर विसरच. खोटं नव्हतं तेही. सरळ मागून बघू म्हणून त्याने मंगळवारी ऑफिसात विषय काढला, की ज्यांची आहे त्यांच्या लोकांना ती दिली तर? हॅरल्ड हसला. म्हणाला, चंदू, ती आमची फॅमिली हिस्टरी आहे. शनिवारी विसरू नका आणायला.

म्हणजे शनिवारपर्यंत एक वेणी द्यायला हवी होती. लांब, काळी, इंडियन.

बुधवारभर मी देव्हाऱ्याखालच्या खणाकडे गेले नाही. स्वयंपाकघरात उगाच डबे घासत बसले. आईचं जगात तेवढंच माझ्याकडे होतं. नाकाशी धरलं तर खोबरेल तेलाचा वास अजून यायचा, निदान मला यायचा. पण ती दुसरी टेबलावर होती, तिच्या लाल दोऱ्यासकट, आणि तिचं कुणी पार्सलसुद्धा पाठवलं नव्हतं. गुरुवारी मी खण उघडला.

गंगावन सोडलं आणि तीन पेडांत घट्ट विणलं. लाल लोकर दुकानातून आणली, ती चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली. वर चकती हवी होती. शेखरने त्याची कोल्हापुरी चप्पल आणली, मिरजेहून आणलेली, एकच जोड, आणि पट्ट्याचं रुपयाएवढं चामडं कापून दिलं. पायातल्या वहाणेचं कातडं मी आईच्या केसांना शिवलं. टाके घालताना दोनदा उठून हात धुतले. शेवटी मोठ्याने म्हटलं, आई, माफ कर गं, दुसरा इलाज नाही.

शनिवारी लॉरेनने वेणी हातात घेतली, कापडात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. बघितलीसुद्धा नाही धड. शंभर वर्षं घराण्याचा इतिहास म्हणून मिरवणाऱ्यांना त्यातला फरक कळला नाही. इंडियन ती इंडियन.

खरी वेणी द्यायला आम्ही नोव्हेंबरात गेलो. वाचनालयातल्या बाईने पत्राच्या वर लिहिलेल्या नदीच्या नावावरून त्या लोकांची वस्ती कुठे आहे ते शोधून दिलं होतं, दुसऱ्या राज्यात. फोन केला तर तिथल्या ऑफिसमधून म्हणाले, या. शेखरने तेरा तास गाडी चालवली. एका बैठ्या ऑफिसात एक म्हातारी आमची वाट बघत होती. तिने कापड उघडलं, चकतीवर बोट न लावता नुसती नजर फिरवली, आणि दोऱ्यापाशी थांबली.

"कुणी सोडली का ही?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. मग मी डोक्यावर घातली होती, तेही सांगितलं. न सांगता परत जाता आलं नसतं. म्हातारीने वर माझ्याकडे बघितलं. ठीक आहे असं काही म्हणाली नाही, आणि म्हणायचं कारणही नव्हतं. कापड मिटून घेतलं आणि आत गेली. परतीच्या वाटेवर शेखर म्हणाला, निदान दार तरी उघडलं तिने.

शहाऐंशी उजाडलं. दुसरी सही झाली, तिसरी ऑक्टोबरात होईल असं हॅरल्ड म्हणाला. सप्टेंबरात शिबिर होतं, म्हणजे जाणं आलंच. लोकर तीच, लीद तीच. शेखर ह्या वेळी तलवार न लावता घोड्यांना पाणी पाजायच्या कामावर होता, मागून घेतलं होतं त्याने. मी पट्ट्या गुंडाळत बसले होते.

लॉरेनने ह्या वर्षी टेबल मांडलं होतं. पत्रं, पणजीचा फोटो, आणि मधोमध मखमलीवर वेणी, खाली चिठ्ठी लावून. येणारी-जाणारी माणसं हात लावून बघत होती. कुणी शहारायचं, कुणी हसायचं. एक गृहस्थ आईस्क्रीम खात होता, त्याने त्याच चिकट बोटांनी चकती उलटीपालटी करून पाहिली आणि बायकोला म्हणाला, ही बघ, खरी कातडी. ती 'ई' करून मागे सरली आणि मग तीही पुढे येऊन हात लावून गेली. मी पट्टी गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. आईच्या केसांना मी मिरजेत तेल लावून द्यायची. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावलेला तिला आवडत नसे.

मग हॅट घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईने लॉरेनला विचारलं, कुणाची होती ही? काही नाव होतं का तिला?

लॉरेन नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, नाही हो, इंडियन बाई होती एवढंच, नाव कुणालाच माहीत नाही.

तिसरी सही व्हायची होती. हॅरल्ड चार हातांवर उभा होता. शेखर बादली घेऊन थबकला आणि माझ्याकडे बघायला लागला. त्याला माझा चेहरा ओळखता येतो. मला वाटलं तो मान हलवून नको म्हणेल. त्याने बादली खाली ठेवली आणि टोपी काढली.

मी उठले. "सरला," मी म्हटलं. "तिचं नाव सरला."

लॉरेनने आधी चमकून बघितलं, मग तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं मी होम फ्रंटची भूमिका करते आहे. तिने लगेच पेन काढलं, माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेतलं आणि चिठ्ठीवर आईचं नाव लिहिलं.

"किती सुंदर नाव आहे," ती म्हणाली. "इंडियन आहे का?"

"हो," मी म्हटलं. "रिअल इंडियन."